एसी ३७ हजारांचा, पण भिंतीवर चढेपर्यंत ५० हजार कसा होतो? सांगली-साताऱ्याकडचा हिशोब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या खोलीत स्प्लिट एसी बसवला, तेव्हापासून गल्लीतला प्रत्येकजण विचारतोय की किती गेले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. घर सांगलीत विश्रामबागला, वर डायरेक्ट स्लॅब, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये रात्री बारालासुद्धा भिंतीला हात लावला की तवा. पंखा फुल्ल केला तरी गरम वाराच अंगावर येतो, बाकी काही नाही.

आधी साइजचं बघा, ती टनात सांगतात, म्हणजे गार करायची ताकद, वजन नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीला साधारण १ टन पुरतो, पण वर स्लॅब असेल किंवा पश्चिमेचं ऊन भिंतीवर येत असेल तर दीड टनच घ्या, नाहीतर १ टनवाला रात्रभर धापा टाकत चालतो आणि खोली काय गार होत नाही.

मग स्टार, म्हणजे वीज किती वाचते त्याची खूण. दुकानदार ५ स्टारच गळ्यात मारणार, पण लेबल नीट वाचा, त्यावर वर्षाची युनिटं छापलेली असतात आणि ती १६०० तासांच्या वापरावर धरलेली असतात. आमच्याकडं वापर कितीचा? तीन महिने, रोज आठ तास म्हणजे ७२० तास, अर्ध्याहून कमी. मी बघितलेल्या ३ स्टार आणि ५ स्टारमध्ये लेबलवर २०० युनिटांचा फरक होता, म्हणजे माझ्या वापराला ९० युनिटं. युनिटला १५ रुपये धरले तरी वर्षाला साडेतेराशे वाचणार, आणि ५ स्टारला जास्त मागत होते ७ हजार. पाच वर्षं नुसती भरपाई करण्यात जाणार, म्हणून मी सरळ ३ स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) उचलला. तुमचं क्लिनिक असेल, घरात दिवसभर एसी लागत असेल तर मात्र ५ स्टारच घ्या, तिथं हा हिशोब उलटा होतो.

आता खरा खर्च. एसी पडला ३७,५०० ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळं जुना भाव सांगणारा दुकानदार दिसला तर पुढचं दुकान बघा. मग फिटिंग १,५००, आउटडोअरचं, म्हणजे बाहेर बसणाऱ्या भागाचं, स्टँड ८००, भिंतीला होल पाडायचे ६००, ड्रेन पाइपचे ३००. बॉक्समध्ये कॉपर पाइप येतो साधारण ३ मीटर, आणि आमचा आउटडोअर गच्चीवर, म्हणून अजून ३ मीटर लागला, मीटरला ९०० नं २,७०० गेले. मेन बोर्डापासून ४ स्क्वेअरची (४ चौरस मिमी) वेगळी वायर, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), नवीन सॉकेट, वायरमनची मजुरी धरून ३,८००. स्टॅबिलायझर २,६००. करा बेरीज, ४९,८००. दुकानात यातलं फक्त ३७,५०० सांगतात आणि आपण तेवढेच घेऊन जातो.

वायरिंगमध्ये चिकटपणा करू नका एवढं ऐका. जुन्या घरातल्या टीव्हीच्या पॉइंटवर एसी लावलेला मी बघितलाय, सॉकेट वितळून काळं झालेलं. अर्थिंग तपासून घ्या आणि वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते पण बघा, दीड टनवाला एकटाच दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो, त्यात गिझर-मोटर चालू असली की संपलं. भार कमी असेल तर महावितरणकडं वाढवायचा अर्ज करा.

आउटडोअर कुठं लावायचा यात पैसे वाचवायला जाऊ नका. पाइप वाचतोय म्हणून नदीकाठच्या गावभागात किंवा सांगलीवाडीत खाली जमिनीवर ठेवणारे लोक आहेत, अरे २०१९ चा पूर विसरला का? तुमच्या भिंतीवर पाण्याची खूण असेल तर आउटडोअर त्याच्या वर, मग दोन मीटर पाइप जास्त लागू दे.

फिटिंगवाला आला की चहा देऊन आत जाऊन बसू नका, तिथंच उभं राहा. माझा गडी घाईत होता, होल पाडलं ते सपाट, बाहेरच्या बाजूला उतार दिलाच नाही. चार दिवसांनी रात्री टप टप आवाज, बघतो तर इनडोअरमधून पाणी थेट गादीवर. फोन केला तर म्हणतो दोन दिवसांनी येतो, पैसे आधीच दिलेले, काय बोलणार. शेवटी दुसऱ्याला ४०० देऊन होल तिरकं करून घेतलं. म्हणून ड्रेनमध्ये मगभर पाणी ओतून बाहेर पडतंय का बघा आणि मगच पैसे काढा. दुसरं म्हणजे गॅस सोडायच्या आधी पाइपातली हवा ओढून घेणारा व्हॅक्युम पंप लावला पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं तरी. काहीजण पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून हवा काढली असं सांगतात, ते चालवून घेऊ नका. नटांवर साबणाचा फेस लावायला सांगा, बुडबुडा आला तर लीक, परत आवळायला लावा.

आता साताऱ्याकडच्या लोकांसाठी, गरम हवेचं. हॉट अँड कोल्ड एसी येतो, तोच एसी थंडीत उलटा चालतो, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. साध्यापेक्षा पाच ते आठ हजार जास्त पडतात. बहीण पाचगणीला असते, तिथं हा विषय काढला तर दाजी म्हणाले, “पावणं, थंड हवेच्या ठिकाणी एसी लावला म्हणल्यावर लोक हसतील की.” म्हणलं हसू देत, तुमचा २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिटं खातो, तेवढीच ऊब हा पाऊण युनिटाच्या आत देतो. आणि पावसाळ्यात तिथं कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, त्याला ड्राय मोड लावला की खोलीतली ओल कमी होते. शेवटी त्यांनी घेतला. थंडीत आउटडोअरखाली पाणी साचलं की दाजींचा फोन आला, बिघडला वाटतं म्हणून. तो बिघाड नसतो, बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीन मधूनच तो वितळवतं, तेवढा वेळ गरम हवा बंद.

महाबळेश्वरला वेण्णा लेककडं दवबिंदू गोठतात, तिथं नक्की घ्या. सातारा शहरात घरी म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तरच, नाहीतर जाड रजई बास. सांगली-मिरजेत तर अजिबात नको, डिसेंबरातले पंधरा दिवस सोडले तर ते बटण कोण दाबणार?

आणि खरेदी जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. एप्रिलमध्ये एसी दुकानात मिळतो पण फिटिंगवाला मिळत नाही, आमचा खोका सहा दिवस हॉलमध्ये पडून होता आणि पोरं त्यावर बसून आइस्क्रीम खात होती.