ग्वाल्हेरच्या थंडीत गाडीत अत्तर, परफ्युम आणि फेरोमोन कसे ठेवावे

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि धुके विरले की दुपारी वीस-बावीसपर्यंत चढतो. गाडीतल्या बाटलीसाठी लोक पहाटेच्या गारठ्याला घाबरतात, पण नुकसान होते ते दुपारच्या उन्हाने. बाहेर २२ अंश असले तरी उन्हात बंद करून ठेवलेली गाडी तासाभरात आतून ४० च्या पुढे जाते आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. मेळ्याच्या मैदानावर दुपारभर गाडी लावली, तर डॅशबोर्डवरची बाटली एकाच दिवसात थंडी आणि कडक उन्हाळा दोन्ही भोगते. तेव्हा थंडीत बाटली गरम कशी ठेवावी याची चिंता सोडा, तापमानाची ही चढउतार कमी कशी करता येईल ते पाहा.

अल्कोहोलचा परफ्युम आपल्याकडे गोठत नाही. शुद्ध इथेनॉल उणे ११४ अंशांना गोठते, त्यामुळे थोडे पाणी मिसळलेला परफ्युमही इथल्या थंडीत पातळच राहतो. कधी तो सकाळी धूसर दिसतो, कारण मेणासारखे काही सुगंधी घटक थंडीत विरघळलेले राहत नाहीत. असे होऊ नये म्हणूनच बरेच उत्पादक बाटल्या भरण्याआधी परफ्युम थंड करून गाळतात. घरात आणून दोन-तीन तास ठेवला की तो निवळतो. निवळला तर माल चांगला आहे. व्हॅनिलाचा परफ्युम काळाबरोबर तांबूस होतोच, तेवढ्यावरून फेकून देऊ नका. सुरुवातीचा लिंबू-संत्र्याचा टवटवीतपणा जाऊन आंबूस वास येऊ लागला, तर मात्र तो उन्हाने बिघडला.

गळतीची कारणेही यातच आहेत. ५ अंशांवरून ४५ वर जाताना अल्कोहोल सुमारे चार टक्के फुगते, म्हणजे १० मिलीच्या बाटलीत जवळजवळ अर्धा मिली. काठोकाठ भरलेल्या रोल-ऑनमधून, म्हणजे तोंडाशी फिरती गोळी असलेल्या बाटलीतून, तो अर्धा मिली गोळीच्या कडेने झाकणात उतरतो आणि तिथून सीटवर. म्हणून गाडीसाठी वेगळी ५ ते ८ मिलीची स्प्रे बाटली घ्या, वर पाचवा हिस्सा रिकामा सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली उभीच ठेवा. पन्नास-शंभर मिलीची मोठी बाटली घरच्या कपाटातच राहू द्या.

तेलातल्या अत्तरांचे गणित निराळे. गुलाबाचे अस्सल तेल वीस अंशांच्या आसपासच थिजू लागते. बाटली तिरकी करून उजेडात धरली की सुईसारखे स्फटिक दिसतात. साध्या खोबरेल तेलात मिसळलेले अत्तर तर २४ अंशांच्या खाली पांढरे पडते. दोन्ही बाबतीत माल बिघडलेला नसतो. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात सहज बुडवता येईल इतक्या कोमट, दहा मिनिटे धरा आणि मग तळव्यांमध्ये फिरवा. उकळते पाणी ओतले तर जाड बुडाची काच तडकते. हीटरच्या जाळीसमोर धरले तर एका बाजूचे अत्तर तापते आणि दुसरी बाजू थिजलेलीच राहते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला अत्तरदाणी-गुलाबदाणी गाडीतून न्यायची असेल, तर दोन्ही रिकाम्या न्या आणि तिथे पोचल्यावर भरा. गुलाबदाणीची अरुंद मान पहिल्याच खड्ड्याला गुलाबपाणी बाहेर फेकते. गुलाबपाण्यात पाणीच जास्त, त्यामुळे दिवसेंदिवस गाडीत पडून राहिले की ते आंबते. थंड बाटली उबदार घरात आणली की बाहेरून ओलावा धरते. ती पुसून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. डोंगरात, शून्याखालच्या थंडीत जाणार असाल तर गुलाबपाणी आणि अल्कोहोल नसलेले बॉडी मिस्ट रात्री खोलीत घेऊन जा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि भरलेली काच फोडते.

फेरोमोन म्हणजे प्राणी किंवा कीटक आपल्याच जातीच्या इतरांना खुणावण्यासाठी सोडतात ते गंधद्रव्य. माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फेरोमोन स्प्रे-तेलांबद्दल स्पष्ट सांगायला हवे: माणसात फेरोमोन काम करतो हे अजून सिद्ध झालेले नाही. तरी वापरत असाल, तर त्यातले अँड्रोस्टेनोनसारखे घटक स्टेरॉइड वर्गातले आहेत आणि थंडीत त्यांची विरघळण्याची क्षमता घटते, हे ध्यानात ठेवा. तळाशी पांढरा थर दिसला तर वर सांगितल्याप्रमाणे कोमट करून फिरवा. थर तसाच असताना रोल-ऑन वापरला तर गोळी अडकते, शिवाय वरचा भाग पातळ आणि शेवटचे थेंब फार उग्र निघतात.

आता ठेवायचे कशात? औषधांच्या दुकानात मिळणारा, दोन-तीन सेंटिमीटर जाड भिंतीचा थर्मोकोलचा छोटा डबा घ्या. आत सुती कापड आणि पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे शेजारच्या परफ्युमला तापमानाचे झटके कमी बसतात. डबा डिकीत सावलीच्या बाजूला, घसरणार नाही असा अडकवा. डॅशबोर्ड, दाराचा कप्पा आणि मागच्या काचेखालची फळी वर्ज्य. पुढच्या सीटखाली ठेवायचे असेल तर आधी हात घालून पाहा; बऱ्याच गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी हीटरची हवा तिथूनच येते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर दोन दिवस डब्यात ठेवून आकडे पाहा. दुपारी ३० च्या वर जात असेल तर डब्याची जागा बदला.

परफ्युम पेट घेतो. सांडलेल्या परफ्युमची वाफ बंद गाडीत साचते. तिथे काडी किंवा लायटर नको, काचा खाली करून हवा जाऊ द्या. डिओचा डबा ५० अंशांच्या वर तापू नये असे त्यावरच लिहिलेले असते. सकाळी गॅसचा दाब कमी झाल्याने तो नीट फवारत नाही, पण म्हणून हीटरवर तापवू नका. घरात थोडा वेळ ठेवला की पूर्ववत होतो. गाडीत लटकवलेल्या, लाकडी बुचाच्या सुगंधी बाटलीचेही तसेच. गारठ्यात वास येत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा उलटी केली, तर दुपारी डोके उठते. आणि ओघळलेला थेंब डॅशबोर्डचे प्लास्टिक खातो, तो लगेच पुसा.

डबरा-भितरवारकडे हरभऱ्याच्या शेतात कामगंध सापळे लावणाऱ्यांसाठी फेरोमोन म्हणजे घाटेअळीच्या सापळ्याचे ल्युर, म्हणजे पतंगांना ओढणारे गंधाचे आमिष. या ल्युरला थंडी मानवते, ऊन अजिबात नाही, कारण त्यातले मुख्य द्रव्य हवा आणि उष्णतेने लवकर बिघडते. फ्रिजमधले बंद पाकीट सकाळीच थर्मोकोलच्या डब्यात घालून न्या. हा डबा अत्तराच्या डब्यापासून वेगळा हवा. दुसऱ्या किडीचे ल्युरही वेगळ्या पाकिटात ठेवा. निगराणीसाठी हेक्टरी ५ सापळे धरून तेवढेच ल्युर बरोबर घ्या, उरलेले फ्रिजमध्येच राहू द्या. पाकीट गाडीत फोडू नका. सापळ्यापाशी जाऊन, हातमोजे घालून फोडा. बोटांना अत्तर किंवा सॅनिटायझर लागलेले असेल तर ल्युरला परका वास लागतो आणि सापळ्यात पतंग कमी येतात.