जुन्या जीपला कमी खर्चात घरच्या घरी नवा रंग कसा द्यावा

सोलापूर जिल्ह्यात वडापसाठी (गावोगावच्या खासगी प्रवासी वाहतुकीसाठी) आणि शेतीच्या कामासाठी वर्षानुवर्षे राबलेल्या जुन्या महिंद्रा जीप आजही रस्त्यावर दिसतात. त्यांचे इंजिन ठणठणीत आणि चासी भक्कम असते. पण रंग उन्हाने पांढुरका पडलेला असतो आणि फुटबोर्डच्या कडेला पत्रा गंजाने पोखरलेला असतो. गॅरेजमध्ये पूर्ण डेंटिंग-पेंटिंगचा खर्च विचारल्यावर अनेक मालक तो बेतच सोडून देतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सिंथेटिक इनॅमल रंग, चार इंची फोमचा रोलर आणि तयारीला दिलेला भरपूर वेळ एवढ्या भांडवलावर जीप पुन्हा देखणी होऊ शकते. जीपचे बहुतेक पत्रे सपाट असल्यामुळे रोलरचे काम तिला शोभते. वळणदार बॉडीच्या मोटारीसाठी मात्र ही पद्धत मी सुचवणार नाही.

रंग आणि हंगाम ठरवणे

शक्यतो आरसी बुकात नोंदलेलाच रंग पुन्हा द्यावा. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करून तशी नोंद करून घ्यावी. जीपला लष्करी हिरवा रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे तो खासगी गाडीला देऊ नये. मर्यादित खर्चात फिकट बदामी, राखाडी किंवा पांढरा रंग निवडणे शहाणपणाचे ठरते, कारण पत्र्याचे बारीक उंचसखलपण फिकट रंगात लपते आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगात उठून दिसते.

सोलापुरात या कामासाठी दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्च ते मे या महिन्यांत उन्हातला पत्रा इतका तापतो की रोलर फिरवता फिरवताच रंग ओढला जातो आणि पट्टे उमटतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे इनॅमल लवकर वाळत नाही. हिवाळ्यातही पहाटेचे दव पत्र्यावरून पूर्ण उडाल्याशिवाय डबा उघडू नये. सकाळी नऊ ते साडेअकरा ही वेळ सर्वांत सोयीची असते, कारण पुढे वारा सुटतो आणि धूळ उडू लागते.

सुटे भाग काढणे आणि गाडी धुणे

दिवे, आरसे, नंबर प्लेट, बॉनेटचे खटके, हुडाच्या पट्ट्या आणि शक्य असल्यास काचेची चौकट काढून घ्यावी. टेप चिकटवून भागांच्या कडेने रंग देण्यापेक्षा भाग काढून रंग देणे केव्हाही चांगले, कारण गंजाची सुरुवात बहुधा याच भागांखाली झालेली असते. जाम झालेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे.

इथल्या काळ्या मातीकडे विशेष लक्ष द्यावे. मडगार्डच्या आतल्या बाजूला, चासी आणि बॉडीच्या सांध्यात तिचे थर साचतात, ते दिवसेंदिवस ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून खातात. लाकडी पट्टीने हे थर खरवडून काढावेत आणि तळाची पाणी निघण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. बोअरचे पाणी खारे असेल तर धुण्यासाठी ते चालते. शेवटचा हात मात्र साठवलेल्या नळाच्या पाण्याचा द्यावा, म्हणजे क्षारांचे पांढरे डाग पत्र्यावर राहत नाहीत.

जुन्या जीपच्या बाबतीत आणखी एक अडचण हमखास येते. चमक यावी म्हणून बॉडी वर्षानुवर्षे डिझेलच्या फडक्याने पुसलेली असते आणि तो तेलकट थर जुन्या रंगात मुरलेला असतो. अशा पत्र्यावर नवा रंग अळवावरच्या पाण्यासारखा आक्रसतो आणि जागोजागी माशाच्या डोळ्याएवढे गोल खड्डे पडतात. म्हणून आधी डिटर्जंटच्या पाण्याने दोनदा धुवावे, गाडी वाळू द्यावी आणि मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पत्रा पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने तो टिपून घ्यावा. एकाच फडक्याने पुसत राहिल्यास तेल निघत नाही, नुसते पसरते. सोलापूरच्या घरात टॉवेलची कमतरता नसते, पण त्याचे धागे पत्र्यावर सुटतात. या कामाला वापरून मऊ झालेले धोतर किंवा जुनी सुती साडी घ्यावी.

गंज

बॅटरीच्या तबकाखाली, पायाखालच्या पत्र्यात आणि मागच्या चाकांच्या वर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. टोक आत गेले तर तेथे पत्रा उरलेला नाही असे समजावे. अशी भोके पुट्टीने बुजवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, कारण एखाद्या पावसाळ्यात ती पुट्टी सुटते. तेवढा भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. एकूण खर्चात काटकसर करता येत नाही अशी ही जागा आहे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा. खड्ड्यांत उरलेल्या काळसर ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण हातमोजे घालून लावावे आणि ते डब्यावरील सूचनेप्रमाणे धुवावे किंवा पुसावे. उघडा पडलेला पत्रा वाळताच त्याच दिवशी प्रायमर लावावा. रात्रभर उघड्या राहिलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस छटा दिसली, तर ती पुन्हा घासूनच काढावी लागते.

घासणे आणि पुट्टी

घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण काढण्याची गरज नसते. तो कोणत्या जातीचा आहे, हे मात्र तपासावे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये बुडवलेले फडके एका कोपऱ्यावर घासल्यावर रंग विरघळून सहज फडक्यावर आला, तर तो एनसी रंग असण्याची शक्यता मोठी आहे. एनसीवर इनॅमल बसते. उलट इनॅमलवर एनसी रंग दिल्यास खालचा थर सुरकुततो. याच कारणाने इनॅमल पातळ करायला एनसी थिनर वापरू नये, टर्पेंटाइनच वापरावे.

सर्व पत्रे १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने घासावेत. जेथे जुना रंग संपून पत्रा सुरू होतो, तेथील कडा उतरती करावी. डोळे मिटून त्या जागेवर बोटे फिरवावीत. नखाला किंचितही पायरी लागली, तर ती शेवटच्या रंगातून रेघ होऊन दिसणार, हे नक्की. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून जेथे पुट्टी किंवा उघडा पत्रा नाही, तेथे वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे. कोरडे घासताना चांगला मास्क लावावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

पोचे हातोडीने जमतील तेवढे वर काढून उरलेल्या खळग्यांत दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी भरावी. ती कडक करणारा हार्डनर साधारण दोन टक्के पडतो, म्हणजे लिंबाएवढ्या पुट्टीला मटारच्या दाण्याएवढा. आपल्याकडच्या उष्ण हवेत मिश्रण काही मिनिटांत कडक होते, त्यामुळे एका वेळी थोडेच कालवावे. तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. ही पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी.

प्रायमर

पैसे थोडे मोकळे असतील तर उघड्या पत्र्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर लावावा. त्याची पकड आणि गंजरोधक शक्ती सरस असते. तो परवडत नसेल तर झिंक फॉस्फेट असलेला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. कोणताही प्रायमर लावून गाडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवू नये. रेड ऑक्साइडचा थर ओल शोषतो आणि त्याखाली पुन्हा गंज धरतो. प्रायमर वाळल्यावर त्यावर ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवावा.

रोलरने रंग देणे

एक लिटर इनॅमल एका हातात साधारण १० चौरस मीटर पत्रा झाकते. टेपने मोजमाप घेऊन हिशेब करावा. केवळ बाहेरची बॉडी तीन हात रंगवायला बहुतेक जीपला चार लिटर पुरतात.

गाडी पत्र्याच्या शेडखाली घेऊन जमिनीवर पाण्याचा सडा मारावा, म्हणजे धूळ बसते. रंगात दहा ते पंधरा टक्के टर्पेंटाइन घालून तो सावकाश ढवळावा आणि नायलॉनच्या कापडातून गाळून घ्यावा. एका वेळी एकच पत्रा पूर्ण करावा: बॉनेट, मग एक मडगार्ड, मग एक बाजू. मध्येच थांबल्यास वाळलेल्या कडेचा जोड कायमचा दिसतो. रोलर आधी उभा, मग आडवा फिरवून रंग पसरवावा आणि लगेच मऊ ब्रशचे फक्त टोक, अजिबात दाब न देता, एकाच दिशेने ओढत जावे. या हलक्या स्पर्शाने रोलरचे बुडबुडे फुटतात आणि रंग आपोआप सपाट होतो. पहिल्या हातात खालचा प्रायमर डोकावतो, त्याने घाबरू नये. एका जाड हाताला ओघळ येतात, तीन पातळ हातांना येत नाहीत.

दोन हातांमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवून, धुऊन, वाळवूनच पुढचा हात द्यावा. इनॅमलने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; रंग वाळताना ती आतून तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी सुटी पसरून वाळवावीत.

ज्यांना पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचीच चमक हवी आहे, त्यांनी तो घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि त्याच्यापुढे साधा मास्क निरुपयोगी ठरतो. अशा वेळी घासण्यापासून प्रायमरपर्यंतचे काम स्वतः करून फवारणी तेवढी पेंटरकडून करून घेता येते; त्याला कोणता प्रायमर चालतो, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

रंगानंतर

इनॅमल काही तासांत हाताला कोरडे लागते, पण पुरते कडक व्हायला काही आठवडे घेते. काढलेले भाग आठवडाभराने, रबरी वायसर घालून आणि बोल्टला ग्रीस लावून बसवावेत. महिनाभर डिटर्जंट किंवा पॉलिश लावू नये, आणि डिझेलचे फडके तर पुन्हा कधीच नाही. टाकीच्या तोंडाशी सांडलेले इंधन लगेच पुसावे. मडगार्डच्या आत डांबरी अंडरकोटिंग द्यावे, पण पाणी निघण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत. उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून, कंपनी आणि शेड क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे बाभळीच्या काट्यांनी आलेले ओरखडे गंज धरण्यापूर्वी बुजवता येतील.