‘सगळं ओके आहे’ म्हणण्याआधी : पुण्यातल्या नव्या प्रॉपर्टी एजंटसाठी

या धंद्यात नवीन आलेल्याला सगळे कारपेट एरिया, लोन, स्टॅम्प ड्युटी शिकवतात. गिऱ्हाईक मात्र साइटवर भलतंच विचारतं : पार्किंगमध्ये पाणी शिरतं का? मागच्या नाल्याचा वास येतो का? उन्हाळ्यात टँकर किती लागतात? अशा वेळी ‘काही काळजी करू नका’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाच्या, परीक्षेसाठी रेरा कायद्याचं कलम १० वाचलं असेलच; खोटी माहिती देऊन व्यवहार करणं त्यात एजंटच्याही अंगावर येतं.

सगळ्यात नाजूक विषय पुराचा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून नदीकाठचा फ्लॅट दाखवताना हा प्रश्न हमखास येतो. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात : निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गिऱ्हाईक हे आकडे ऐकून निर्धास्त होतं, आणि तिथेच त्याला थांबवायचं. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार इतकी शक्यता. एकदा पूर आला म्हणून पुढची २४ वर्षं सुट्टी मिळत नाही. पूररेषा दाखवलेला नकाशा आणि झोन दाखला (जागा विकास आराखड्यात कुठल्या झोनमध्ये येते त्याचा कागद) हातात द्या, इमारत कुठे बसते ते त्यालाच बघू द्या.

पण नुसत्या नदीवर जाऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रज, अरण्येश्वर, सहकारनगर भागात जो कहर केला, त्यातल्या कितीतरी सोसायट्या मुठेपासून चांगल्या लांब होत्या. म्हणून मी आजूबाजूच्या जुन्या दुकानदाराला विचारतो : पाणी कुठवर आलं होतं? तो थेट भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

पाण्याच्या बाबतीत सोसायटीच्या हिशेबातला एप्रिल-मेचा टँकरचा खर्च मागून घ्या, बाकी गप्पा नंतर. बोअरचं पाणी असेल तर लॅबचा रिपोर्ट हवा. भारतीय मानकानुसार टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. खिशातल्या मीटरने फक्त क्षार कळतात, जंतू नाहीत. मीटर बुडवून ‘बघा, पाणी शुद्ध’ म्हणणारे एजंट मला पटत नाहीत.

वासाचं कागदावर कळत नाही. फुरसुंगी-उरुळी देवाची बाजूला कचरा डेपोचा विषय निघणारच. तिथे रविवारी सकाळी एक विझिट झालीच असेल, तरी दुसरी संध्याकाळी, जमलं तर पावसानंतर ठेवा.

रीसेलमध्ये खरी अडचण मालकाची असते. ‘पुराचं कशाला काढता, गिऱ्हाईक पळेल,’ असं तो म्हणणारच. फ्लॅट हातात घेतानाच त्याला सांगून ठेवा की विचारलं तर मी सांगणार. काही मालक दुसऱ्या एजंटकडे जातात. जे थांबतात त्यांच्याशी भाव आधीच वास्तवात आणता येतो, आणि तळमजल्याचा तोच फ्लॅट पूर माहीत असलेल्या, स्वस्तात दुकान किंवा ऑफिस शोधणाऱ्या पार्टीला दाखवता येतो. अर्थात निवासी जागेचा तसा वापर नियमात बसतो का, ते आधी पाहून.