पाताळेश्वरचा नंदीमंडप मोजक्या फोटोंत: निघण्यापूर्वीची तयारी

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यासमोरचा गोल नंदीमंडप वीसेक फोटोंतून संगणकावर थ्रीडीत उभा करायचा असेल, तर कॅमेऱ्याआधी आभाळ बघा. ढगाळ पण कोरडी सकाळ उत्तम. उन्हात सावल्या सरकत राहतात, आणि ओल्या बेसाल्टची चमक दर कोनातून वेगळ्याच जागी दिसते. श्रावणी सोमवार टाळा, कारण उघड आहे.

चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड, लेन्स पुसायला कापड. ट्रायपॉड घरीच राहू दे. संरक्षित स्मारकात त्याला वेगळी परवानगी लागते. मोजायचा टेप मात्र हवाच. नुसत्या फोटोंतून आकार कळतो, माप नाही, म्हणून दोन खांबांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. झूमला हात लावू नका. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक करा.

खरी तयारी कागदावरची. मंडपाभोवती वर्तुळ काढा आणि दर २० अंशांवर खूण करा: १८ जागा. एकाच जागी उभं राहून नुसता कॅमेरा फिरवला तर खोली, म्हणजे कुठली गोष्ट किती लांब आहे ते, हाती लागत नाही, पाय हलायलाच हवेत. फोटो कमी म्हणून जागा फार लांब-लांब घेतल्या, तर फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या कोलमॅपसारख्या सॉफ्टवेअरला शेजारच्या फोटोंतले समान बिंदू जुळवणं जड जातं.

आणि इथली गोम वेगळीच आहे. मंडप गोल, खांब जवळपास सारखे. सॉफ्टवेअर पलीकडचा खांब अलीकडचा समजून जुळवतं आणि मागची बाजू पुढच्या बाजूवर येऊन बसते. २०२३ च्या अखेरीस आलेलं डस्टर (DUSt3R) हे एआय मॉडेल दोनच फोटोंवरूनही आकार काढून देतं, पण सारखेपणाला तेही फसू शकतं. त्यामुळे फ्रेम खांबांपुरती आवळू नका. लेण्याचं तोंड, झाडाचा बुंधा, कुंपण, काहीतरी एकांडं प्रत्येक फोटोत येऊ द्या. मंडप आणि लेणं एकत्र दिसतील असे दोन फोटो लांबूनही घ्या.

पुढे गॉशियन स्प्लॅटिंग (असंख्य धूसर रंगीत ठिपक्यांनी दृश्य उभं करायची पद्धत) करणार असाल तर फोटोंतलं आभाळ मास्क करायला, म्हणजे झाकून वगळायला, वेळ राखून ठेवा, नाहीतर मंडपावर पांढरट ढब्बे तरंगत बसतात. शिवाय कागदावरच्या वर्तुळातल्या दोन खुणांच्या मधल्या जागांवरून दोन फोटो जास्तीचे काढा, आणि ते मॉडेलला देऊ नका. तयार मॉडेल त्याच जागांवरून पाहून या दोन फोटोंशी ताडायचं आहे.