ॲक्सोलॉटलचा रंग ओळखताना या चुका टाळा

ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा उभयचर प्राणी, हौसेनं टाकीत पाळला जातो. पांढरा ॲक्सोलॉटल दिसला की लोक ‘अल्बिनो’ म्हणून मोकळे होतात. पण पांढरट गुलाबी अंग, लालभडक कल्ले आणि काळेभोर डोळे असा प्राणी अल्बिनो नसतो, तो ल्युसिस्टिक असतो. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. म्हणून आधी डोळा बघायचा, अंग नंतर.

ॲक्सोलॉटलच्या कातडीत तीन तऱ्हेच्या रंगपेशी असतात: काळ्या-तपकिरी, पिवळ्या आणि चकाकणाऱ्या. ल्युसिस्टिकमध्ये काळा रंग तयार होतो, फक्त गर्भाची वाढ होत असताना या पेशी पाठीवरून अंगभर नीट पसरत नाहीत. डोळ्याच्या आतला काळा रंग मात्र डोळ्यातच तयार होतो, त्यामुळे डोळे काळे राहतात. अल्बिनोत काळा रंगच बनत नाही, म्हणून त्याचे डोळेही फिके, गुलाबीसर दिसतात. दोघांचा इतिहासही निराळा आहे. 1864 मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला 34 ॲक्सोलॉटल पोचले, त्यांत पांढरेही होते. अल्बिनोचं जनुक मात्र 1960 च्या दशकात अमेरिकेत टायगर सॅलॅमँडर या त्याच्या नात्यातल्या उभयचराशी संकर करून या जातीत आणलं गेलं.

ल्युसिस्टिकच्या डोक्यावर आणि पाठीवर वाढत्या वयात काळे ठिपके येऊ शकतात. ते घाण नव्हे, बुरशीही नव्हे. असा ठिपक्यांचा प्राणी ‘मोझेइक’ म्हणून विकायला ठेवलेला दिसला तर सावध व्हा. खरा मोझेइक म्हणजे गर्भावस्थेतच एका शरीरात दोन तऱ्हेच्या पेशी तयार होणं. तो क्वचितच सापडतो आणि ठरवून पैदा करता येत नाही.

काळा दिसला म्हणजे मेलानॉइड नव्हे

वाइल्ड टाइप, म्हणजे मूळ जंगली रंगाचा प्राणी, गडद तळाच्या टाकीत बराच काळ राहिला की चांगलाच काळपट होतो. हलक्या तळावर तोच उजळतो. म्हणून दोन टाक्यांतल्या फोटोंची तुलना करून निर्णय घेऊ नका. प्राणी काचेजवळ आला की एका बाजूने बघा. वाइल्ड टाइपच्या काळ्या बाहुलीभोवती बारीक सोनेरी कडं चमकतं, आणि अंगावर, कल्ल्यांवरही चकाकीचे कण दिसतात. मेलानॉइड या काळ्या रंगप्रकारात चकाकणाऱ्या पेशी नसतात. तिथे कडं नाही, कणही नाहीत, सबंध डोळा एकसारखा काळा. कडं दिसलं नाही तर उजेडाची दिशा बदलून पुन्हा बघा, पण टॉर्च डोळ्यावर रोखू नका. या प्राण्याला पापण्या नसतात, तीव्र उजेडाचा त्याला त्रास होतो.

ॲक्झँथिक या आणखी एका रंगप्रकारातही ही चकाकी दिसत नाही, पिवळा रंगही नसतो. अंग राखाडी, किंचित निळसर वाटतं. मेलानॉइड आणि ॲक्झँथिक यांतला फरक नुसत्या नजरेनं ठरवायचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आई-बापांची माहिती मिळाली तरच खात्रीनं सांगा.

पिल्लावरून रंग ठरवण्याची घाई

गोल्डन अल्बिनोची पिल्लं सुरुवातीला पांढुरकी असतात, पिवळा रंग वाढत्या अंगाबरोबर भरतो. त्यामुळे लहान पिल्लाला ‘व्हाइट अल्बिनो’ म्हणणं धोक्याचं. ते काही महिने वाढू द्या, मग सोनेरी झाक आणि चकाकीचे ठिपके आपोआप दिसू लागतील.

जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन) हा रंगप्रकार नाही. जेलीफिशकडून घेतलेलं त्याचं जनुक प्रयोगशाळेतून पाळीव प्राण्यांत आलं, आणि ते ल्युसिस्टिक, वाइल्ड, अल्बिनो कुणातही असू शकतं. निळ्या उजेडात अंग हिरवं चमकतं, एवढंच. तपासायचं असेल तर क्षणभर उजेड टाका आणि बंद करा.

रंग बदलला, पण तो आजार तर नाही?

हे विसरणं सगळ्यात महागात पडतं. ‘रंग बदलतोय’ म्हणून कौतुक करत बसाल आणि प्राणी हातचा जाईल. कल्ल्यांचा लालपणा दिवसभर कमी-जास्त होतो, हालचाल केली की वाढतो, ते ठीक. पण कल्ले सतत फिकट, पुढे वाकलेले, त्यावर कापसासारखा पुंजका, पोटाची कातडी लालसर, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर आधी पाण्याचं तापमान, अमोनिया आणि नायट्राइट तपासा. पाणी साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअस हवं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. फरक पडला नाही तर उभयचरांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

जोडी लावण्याआधी एक हिशोब करा. पांढऱ्या रंगाचं जनुक अप्रभावी असतं. आई-बाप दोघेही गडद दिसत असले तरी प्रत्येकात ते लपलेलं असेल, तर प्रत्येक पिल्लू पांढरं निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विकत घेताना प्राण्याच्या रंगाबरोबर त्याच्या आई-बापांचा आणि भावंडांचा रंगही विचारून लिहून ठेवा.