त्यास्नं काय अडेल शे?

बेचाळीस, फाळणी, आणीबाणी, गिरणी संप असं काहीतरी धरून प्रेमकथेची पटकथा लिहायला बसलेली पोरं मला अधूनमधून भेटतात, बहुतेक आपल्या धुळे-नंदुरबारकडचीच. सीन कसा मांडतात, मध्यंतर कुठे येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी सांगणार ते एकाच खड्ड्याबद्दल. माझी दोन वर्षं त्यात गेली आणि तो आठवला की अजून कान गरम होतात.

माझी पहिली पटकथा नंदुरबारची. 9 सप्टेंबर 1942. शाळकरी शिरीषकुमार आणि त्याच्या बरोबरच्या पोरांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला तो दिवस. धुळ्याला राजवाडे मंडळात, म्हणजे इतिहास संशोधनाच्या संस्थेत, बसून वह्या भरल्या. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो 1998 ला झाला, म्हणून 'नंदुरबारचे कलेक्टर' असा संवाद लिहायचा नाही, इतकी बारीक काळजी घेतली. घोषणासुद्धा मुळातली गुजराती ठेवली, 'नहीं नमशे', म्हणजे झुकणार नाही. आणि या सगळ्यात माझे नायक-नायिका काय करत होते? माडीच्या खिडकीतून मोर्चा बघत होते. शेवटी नायकाला गोळी लागते, नायिका झेंडा उचलते. लिहिताना मी स्वतः रडलो होतो.

माय भरताची वांगी भाजत होती, तिला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पन त्यास्नं काय अडेल शे?"

त्यांचं काय अडलंय? मी चिडलो. देश पेटलाय आणि तू विचारतेस काय अडलंय! पण रात्री उत्तर शोधायला बसलो, तर काहीच नव्हतं. दोघांची जात एक, घरचे राजी, मोर्चा निघाला नसता तर दिवाळीनंतर लग्न झालं असतं. बेचाळीस काढून तिथे तापीचा पूर टाकला असता, तरी एक सीन बदलावा लागला नसता. चळवळ मी मागच्या भिंतीवर कॅलेंडरसारखी टांगली होती. त्याहून वाईट म्हणजे, पंधरा वर्षांच्या खऱ्या पोराचं मरण मी माझ्या खोट्या जोडप्यासाठी प्रेक्षकाला रडवायला वापरलं होतं. याची लाज वाटायला मला वेळ लागला. तुम्हाला आधीच वाटली तर बरं.

हे जरा जास्तच उगाळतो, कारण ऐकताना सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा खिडकीच लिहितात. उलथापालथ प्रेमकथेत शिरते ती भाषणातून नाही, मोर्चातूनही नाही. ती शिरते हातात मावेल अशा वस्तूतून. 'कासाब्लांका' (1942) बघा. अख्खं महायुद्ध तिथे दोन माणसांना देशाबाहेर नेणाऱ्या कागदांवर येऊन बसलंय. माणसं तीन, जागा दोघांना. 'कोल्ड वॉर'मध्ये (2018) बर्लिनची हद्द आहे. तो ओलांडतो, ती येतच नाही. बस. पंधरा वर्षांची गोष्ट दीड तासात संपते आणि भाषण जवळजवळ नाहीच. कागद, हद्द, कर्फ्यूची वेळ, थकलेला पगार, यादीतलं नाव. तुमच्या जोडप्याला आज संध्याकाळी कोणती गोष्ट करता येत नाही, आणि ती नेमकी कोणाच्या हुकुमाने? हे एका ओळीत सांगता येत नसेल तर पटकथा उघडूच नका. संदर्भ गोळा करणंही थांबवा. संदर्भ गोळा करणं हा आळसच आहे, फक्त तो कष्टासारखा दिसतो.

बरं, एवढं घाबरू नका. पहिला खर्डा वाया जातोच. माझे तीन गेले.

मग मी 1944 वर आलो. 14 एप्रिलला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, साधारण साडेपाच लाखांचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि आपल्याकडचे साथीदार. लूट मी दाखवतच नाही. माझी गोष्ट (ही सगळी रचलेली) दुसऱ्या दिवशी सुरू होते. मुलीचा बाप पोलीस पाटील. फौजदाराने त्याला सांगितलंय, परक्या माणसांना ज्यांनी आसरा दिला त्यांची यादी संध्याकाळपर्यंत दे. मुलाने कोण-कुठले न विचारता चार जणांना आपल्या खळ्यात झोपू दिलं होतं. हे फक्त मुलीला माहीत आहे. आणि बापाला अक्षर धड येत नाही, यादी तीच लिहिते.

हे सुचलं त्या दिवशी मी गावात दोन चकरा मारून आलो.

आता मार्गदर्शकांबद्दल. मला एक भेटले होते. वाचायचे पैसे घेतले, आठ महिन्यांनी म्हणाले, "खान्देश चालत नाही, मुंबईत टाका." पानं उघडलेलीसुद्धा नव्हती. पैसे घेऊन निर्मात्याची ओळख करून देणारा माणूस दिसला की चहा पिऊन निघायचं. दोन दिवसांच्या शिबिरांवरही माझा विश्वास नाही, तिथे फोटो चांगले निघतात. आणि 'कासाब्लांका'ची पटकथा शूटिंग सुरू असताना पूर्ण झाली, हे ऐकवून अर्धवट लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. त्या लेखकांच्या हाताशी एक अख्खं नाटक होतं आणि स्टुडिओचा पगार होता. तुमच्याकडे काय आहे?

कोणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंदणी करा, ऑनलाइन होते. अहिराणी संवाद प्रमाण मराठीत 'सुधारून' देऊ नका. पाटलाची पोर 'मी येणार नाही' म्हणत नाही, 'मी नही येवाव' म्हणते. तेवढ्याने सीन अर्धा उभा राहतो.

माझी पटकथा अजून विकली गेलेली नाही, हेही सांगून ठेवतो. गेल्या महिन्यात चौथा खर्डा मायला वाचला. मुलगी यादी लिहायला बसते, बाप नावं सांगतो, एका नावाशी तिचा टाक थांबतो. इथवर आल्यावर मी पाणी प्यायला उठलो. मायने भाकरी तव्यावर तशीच ठेवली होती, करपल्याचा वास यायला लागला होता.

"मंग?" ती म्हणाली. "लिखं का नाव?"