बझर दाबण्याआधी: खेळ आणि विज्ञानाच्या प्रश्नांत या चुका टाळा

"भारताला ऑलिंपिकमध्ये पहिलं वैयक्तिक..." एवढं वाचलं आणि बझर वाजला. "खाशाबा जाधव!" शाळांच्या प्रश्नमंजूषेत मी हे कितीदा तरी पाहिलंय. प्रश्नाचा पुढचा शब्द असतो 'सुवर्णपदक', आणि उत्तर अभिनव बिंद्रा, बीजिंग २००८. ज्या मुलीचे गुण परवा असे गेले, तिला खाशाबांचं गोळेश्वर गावसुद्धा ठाऊक होतं. फार वाईट वाटलं.

म्हणून वहीत नुसतं नाव लिहू नका, त्याच्यामागचं विशेषणही लिहा. 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' म्हणजे खाशाबा, हेलसिंकी १९५२, कुस्तीत कांस्य. 'स्वतंत्र' हा शब्द गाळला, की उत्तर थेट १९०० च्या पॅरिसला जातं: नॉर्मन प्रिचर्ड, धावण्यात दोन रौप्यपदकं. 'पहिली महिला' म्हटलं, की कर्णम मल्लेश्वरी, सिडनी २०००. क्रिकेटच्या पहिल्या विश्वचषकाचंही तेच. १९७५ हे साल पुरुषांच्या स्पर्धेचं. महिलांचा विश्वचषक त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्येच झाला होता.

विज्ञानात घोळ होतो तो 'कशासाठी' या शब्दावर. आइन्स्टाइन म्हटलं की सापेक्षता सिद्धांत, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की नोबेलही त्यालाच मिळालं असं वाटतं. त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी, आणि ते जाहीर झालं १९२२ मध्ये. साल विचारलं तर प्रश्न 'कोणत्या वर्षाचं' आहे की 'कोणत्या वर्षी जाहीर झालं' हे नीट ऐका.

२८ फेब्रुवारी हा रामन यांचा जन्मदिवस, असं बरीच मुलं लिहितात. तसं का होतं, तेही कळतं. शिक्षक दिन हा राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन हा ध्यानचंद यांचा. मग विज्ञान दिनही तसाच असणार, असा अंदाज बांधला जातो. रामन जन्मले ७ नोव्हेंबर १८८८ रोजी. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस, आणि त्याबद्दलचं नोबेल १९३० चं.

आणि हॉकी. देशाचा राष्ट्रीय खेळ म्हणून कोणताही खेळ अधिकृतपणे घोषित झालेला नाही, हे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारातल्या अर्जावर कळवलं. पर्यायांत 'यापैकी नाही' दिसलं, तर हॉकीवर खूण करण्याआधी 'अधिकृत' हा शब्द प्रश्नात आहे का ते बघा.